बळदातली बाटली

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी तांब्याभर पाणी आमच्या जिन्याखालच्या वाळूवर ओतत होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही; पण शेवटी तिनंच मला पकडलं.

नळाला पाणी येणं कधीच बंद झालं होतं. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या, पिंपं घेऊन धावत आणि नंबरावरून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आम्ही भांडी विसळलेलं पाणी संडासात टाकत होतो, आंघोळीचं फरशी पुसायला. अशा दिवसांत भूजल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, ज्यानं जन्मभर गावोगाव फिरून लोकांना पाणी जपून वापरा म्हणून शहाणपण शिकवलं, तो पिण्याचं पाणी चोरून वाळूवर ओतत होता. बायको जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाली, "कसलं झाड लावलंय तिथं? फळं कधी धरणार?"

झाड नव्हतं. त्या वाळूखाली एक बाटली आडवी निजवलेली होती. फ्रान्सची तांबडी वाइन, बोर्दो भागातली, तिकडच्या मोठ्या नामांकित द्राक्षमळ्याची. असली वाइन लगेच पीत नाहीत. अंधारात, गारव्यात, न हलवता पंधरा-वीस-तीस वर्षं ठेवतात, म्हणजे ती हळूहळू मऊ होते. त्यासाठी तिकडं घराखाली दगडी तळघरं असतात. माझं तळघर म्हणजे घर बांधताना जिन्याखाली खणून घेतलेला छातीइतका खोल खड्डा, त्यात वाळू, वर फरशीचं झाकण. वाळू ओली राहिली की खड्डा गार राहतो. बायकोला एवढं माहीत होतं की ही एका परदेशी साहेबानं दिलेली जुनी भेट आहे. त्यापुढचं माहीत नव्हतं.

"माणसांना प्यायला पाणी नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही दारूला पाजताय." एवढं बोलून ती वर गेली. तिचं म्हणणं खरंच होतं, पण मला लागलं ते वेगळ्याच जागी.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मीही नोकरीत नवाच होतो. उस्मानाबादहून फायलींची पोती ट्रकनं येत होती, कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, आणि आमच्या साहेबांचं टेबल एका वाण्याच्या रिकाम्या गोदामात होतं, तिथं खुर्चीत बसलं की हरभऱ्याच्या डाळीचा वास यायचा. जिल्हा नवा, पण दुष्काळ ओळखीचाच. पहिल्या काही वर्षांतच पाऊस रुसला, विहिरी तळाला गेल्या, आणि आमच्या खात्याला एकदम भाव आला. त्याच सुमारास काळा पत्थर फोडणारं एक नवं यंत्र दाखवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला. मला बरी इंग्रजी यायची, म्हणून मला त्याच्या मागं लावून दिलं.

दोन महिने आम्ही उदगीरपासून रेणापूरपर्यंत जीपनं धूळ खात फिरलो. भला माणूस होता. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा. बोअरला पाणी लागलं की गावकऱ्यांआधी हाच नाचायचा. जाण्याच्या दिवशी त्यानं मला विश्रामगृहावर बोलावलं आणि स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळलेली एक बाटली माझ्या हातात ठेवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं नियम सांगितले. आडवी ठेव, म्हणजे बूच ओलं राहील. ऊन नको, हलवाहलव नको. आत्ता उघडशील तर तोंड वाकडं करशील, पंधरा वर्षं थांब. आणि एकटा पिऊ नको.

मी ती परत द्यायला हवी होती. आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पंचशील चालत आलेलं. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, आणि आमच्या घरात ते पाठ म्हणण्यापुरतं नव्हतं. त्याला कारण माझा थोरला भाऊ.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. नांदेडच्या कापडगिरणीत कामाला होता. माझी शाळा, कॉलेज, वसतिगृह, सगळं त्याच्या पगारावर झालं. आणि त्याच पगारावर तो प्यायचा. गावी आला की बाटल्या लपवायचा, माय हुडकायची, ओसरीवर तमाशा व्हायचा. वडील गेले तेव्हाही तो शुद्धीत नव्हता. त्यानंतरच्या पौर्णिमेला मात्र तो गावच्या विहारात सगळ्यांसमोर उभा राहिला, नव्यानं पंचशील घेतलं, आणि खरंच सुटला. फ्रेंच साहेब मला बाटली देत होता तेव्हा दादाला न पिता दोन वर्षं होऊन गेली होती. गावी असला की पौर्णिमेची वंदना तोच पुढं बसून सांगायचा. मायनं त्या दोन वर्षांत विहाराच्या पायरीवर जितक्या ताठ मानेनं पाय ठेवला असेल तितक्या ताठ मानेनं जन्मात ठेवला नव्हता.

आणि मी? मी घरचा शहाणा मुलगा. उदगीर-धर्माबादकडं दौऱ्यावर गेलो की ठेकेदारांबरोबर दोन-तीनदा घेतलीही होती, पण कुणाला पत्ता नव्हता. दादाचं पिणं सगळ्या गावाला दिसलं, माझं नाही, एवढाच आमच्यातला फरक. बाटली मी ठेवून घेतली ती प्यायची म्हणून नव्हे; निव्वळ मिजाशीपायी. पंधरा वर्षांनी मोल चढेल असं काही माझ्या हातात पहिल्यांदाच आलं होतं.

पण ठेवायची कुठं? लातुरात माझी भाड्याची खोली पत्र्याची. एप्रिलमध्ये तिथं मेणबत्ती उभ्या उभ्या वाकायची. मग मला गावाकडचं बळद आठवलं. रेणापूरजवळच्या आमच्या खेड्यात घर मातीचं, आणि मधल्या खोलीत दोन भिंतींच्या मधे ज्वारी साठवायची बंद जागा, तिला बळद म्हणतात. वरून धान्य ओतायचं, खालच्या अंगाला वीतभर भोक असतं, त्यातला चिंध्यांचा बोळा काढला की ज्वारी सुपात पडते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, आत मिट्ट अंधार आणि बारा महिने गारवा. बोर्दोच्या तळघरात आणि मायच्या बळदात मला काही फरक दिसेना. एका रविवारी माय नदीवर गेलेली बघून मी शिडी लावली आणि वरच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घालून बाटली ज्वारीत आडवी पुरली.

बळद तीन हिस्से भरलेलं होतं. मी अंदाज बांधला, दोन वर्षं तरी तिला धक्का लागणार नाही. जमिनीखालच्या पाण्याची पातळी हातावरच्या रेषांसारखी सांगणारा मी, पण घरातल्या ज्वारीची पातळी मला सांगता आली नाही. दुष्काळ पुढच्या वर्षीही हटला नाही. शेत पिकलं नाही, आणि माय काही मापानं देणारी बाई नव्हती. गल्लीतल्या चार घरच्या चुली आमच्या बळदावर चालत होत्या, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. शिवाय धान्य खालून काढलं की वरचं मधोमध घसरत येतं, हेही मी विसरलो. आडवी ठेवलेली बाटली उभी होत होत खाली चालली होती.

त्या उन्हाळ्यात गिरणीच्या पाळ्या बंद होत्या म्हणून दादा गावीच राहत होता. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचा. मी एका शनिवारी दुपारी घरी पोचलो तेव्हा ओसरीवर माय बसली होती, तिच्यासमोर सुपात ज्वारीत लोळलेली माझी बाटली, आणि दादा खांबाला टेकून उभा. ज्वारी येईना म्हणून मायनं भोकात हात घातला होता आणि हाताला काच लागली होती.

"बरं झालं आलास," माय म्हणाली. "तू शिकलेला हाईस. वाच बरं, काय लिव्हलंय ह्याच्यावर. ह्यो म्हनतो, मला ठावं न्हाई."

मी बाटली हातात घेतली. कागदावर फ्रेंच अक्षरं, मळ्याच्या बंगल्याचं चित्र. बूच शाबूत होतं हे मी आधी पाहिलं. हो, माझी पहिली नजर बुचाकडं गेली.

"दारू आहे," मी म्हणालो.

एवढंच. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझी आहे, एका साहेबानं दिली, मी ठेवली. इतकं सोपं. पण माय माझ्याकडं बघत होती, न्यायाधीशाकडं बघावं तशी, आणि त्या नजरेतून खाली उतरायला मला जमलं नाही. मी मनाशी म्हटलं, एक मिनिटानं सांगू. ते मिनिट गेलं.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग बाटलीकडं. मग म्हणाला, "माझीच हाय, माय."

माय रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं पदरानं सूप पुसलं. "मला वाटलं व्हतं, सुटलास," ती म्हणाली आणि आत गेली. मी म्हणालो, "मी नेतो, टाकून देतो कुठंतरी." दादा म्हणाला, "हाव, ने." मी ती पिशवीत घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला घेऊन आलो. आणि टाकली नाही.

पुढच्या पौर्णिमेला दादानं विहारात सगळ्यांपुढं कबूल केलं की घरात बाटली सापडली, आणि पुन्हा पंचशील घेतलं. मी गेलो नव्हतो. दौरा काढला होता मुद्दाम. त्या दिवसानंतर त्यानं वंदना सांगणं सोडलं. नांदेडला परत गेला तिथंही विहारात सगळ्यांत मागं, चपलांच्या जवळ बसायचा. लोक पुढं बोलवायचे तर हात जोडायचा.

मायनं त्याला टाकलं वगैरे नाही. पण तो आला की ती अलाबला घ्यायची, दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून कानशिलांवर बोटं मोडायची, आणि मोडता मोडता त्याचं तोंड जवळ ओढून वास घ्यायची. तिला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही. दादाच्या लक्षात यायचं. तो वाकायचा आणि तोंड जरासं उघडं ठेवायचा, तिला सोपं जावं म्हणून. माझी अलाबला ती घ्यायची तेव्हा तिचे डोळे मिटलेले असायचे. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. पन्नास वर्षांच्या माणसाचं तोंड त्याची आई हुंगते आहे आणि तो उघडून देतो आहे, हे पाहत मी चहा पीत बसलो आहे.

मी स्वतःशी एक गोष्ट रचली होती, तिच्यावर माझी झोप चालायची. दादाला सगळं कळलं होतं, ही ती गोष्ट. परदेशी बाटली, परदेशी साहेबाबरोबर हिंडणारा धाकटा भाऊ, कुणालाही कळेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि लहान भावाची अब्रू जावी त्यापेक्षा आपल्यावर आधीच डाग आहे तर आणखी एक, असं म्हणून ओझं उचललं. दादा तसा मोठ्या मनाचा होताच. त्यानं मनापासून दिलेलं घ्यायला हरकत काय, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

मध्येच एकदा खात्यानं प्रशिक्षणासाठी मला तीन आठवडे फ्रान्सला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी आम्हाला एका मळ्याचं तळघर दाखवायला नेलं. तिथल्या म्हाताऱ्याला मी सहज माझ्या बाटलीवरचं नाव आणि साल सांगितलं तर त्यानं डोक्यावरची टोपी काढली. खरोखर काढली. मग त्यानं मला वाइन कशी चाखायची ते शिकवलं. घाई करायची नाही. आधी रंग, मग वास, मग घोट, मग गिळल्यावर चव किती वेळ राहते ते. मी परत आलो आणि घर बांधायला काढलं तेव्हा जिन्याखाली खड्डा खणला. माय तेव्हा जिवंत होती. तिनं विचारलं, "हे कशाला रं?" मी म्हणालो, "थंडावा राहतो." त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारात दादा उशाशी होता. तेव्हाही तिनं त्याचं तोंड जवळ ओढलं. मला सांगता आलं असतं. मी औषध आणायला खाली गेलो.

बायकोनं पकडल्यावर मी पाणी घालणं थांबवलं. आठ दिवसांत वाळू कोरडी पडली, खड्डा तापायला लागला. आता बाटली नासणार किंवा उघडावी लागणार. मी ठरवलं, दादाकडं न्यायची, त्याच्यासमोर ठेवायची आणि बोलून टाकायचं. ज्याला सगळं माहीतच आहे त्याला सांगायला भ्यायचं कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहाटेच्या गाडीनं, ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरून मी ती नांदेडला नेली. त्या वर्षी गोदावरीतही नुसती डबकी होती. दादाचं घर दोन खोल्यांचं, गिरणी बंद पडल्यावर तो रखवालदारी करून आता घरीच असतो. वहिनीनं माठाच्या शेजारी जागा करून दिली. मी बाटली तिथं दिवसभर आणि रात्रभर उभी ठेवली, तळाचा गाळ बसावा म्हणून.

"काय हाय हे?" दादानं विचारलं.

"फ्रान्सची आहे. द्राक्षांची. लई जुनी."

"तू पी. मी न्हाई घेत," तो म्हणाला, आणि वर हसून, "पर बघतो. कशी काढून राहिलास ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी बूच काढायला घेतलं. अर्धं आलं, अर्धं भुगा होऊन आत पडलं. वहिनीनं चहाची नवी गाळणी दिली. गाळ दिसावा म्हणून बाटलीच्या मानेखाली ज्योत धरावी लागते, तर दादानं वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्यांतली एक काढून पेटवून धरली. म्हातारा माणूस, पण ज्योत बरोबर मानेखाली. मी काचेच्या जगमध्ये हळूहळू ओतत गेलो आणि काळा गाळ मानेपर्यंत आल्यावर थांबलो. शेवटी तेवढा गाळच बाटलीत राहिला.

लातूरहून आणलेल्या एकुलत्या एका उंच पेल्यात मी थोडी घेतली. मला मनातून वाटत होतं, नासलेली निघावी. बळदात उलटीपालटी झालेली, पत्र्याच्या खोलीत एक उन्हाळा आणि मग घर होईपर्यंत सरकारी क्वार्टरच्या पलंगाखाली काही वर्षं काढलेली. आंबून शिरका झाली असेल तर निदान म्हणता येईल की मला काही मिळालं नाही.

रंग मधे पिकल्या जांभळाचा, कडेला विटकरी. पहिला वास बंद खोलीचा आला. मी थांबलो, पेला फिरवला. मग एकेक यायला लागलं. सुकवलेली बोरं. नवी पेन्सिल तासल्यावर येतो तो लाकडाचा वास. कोरडी तंबाखू. आणि खाली खोल कुठंतरी, बोअरमधून ओली चिकणमाती वर यायला लागली की येतो तो. जो आला की आम्ही यंत्रावरचे लोक एकमेकांकडं बघायचो. मी घोट घेतला. कच्च्या जांभळानं जीभ धरावी तशी तिनं जरा धरली आणि मग सोडली, रेशमासारखी सरकली. गिळली तरी गेली नाही. तोंडभर राहिली, वाढत राहिली. मी उभ्या जन्मात तोंडात इतकं सुंदर काही घेतलं नव्हतं. मला लाज वाटली आणि मी दुसरा घोट घेतला.

"कशी हाय?" दादा माझ्या चेहऱ्याकडं बघत होता.

"चांगली आहे," मी म्हणालो. खोटं बोलता आलं नाही.

"वास घेतला तर शील मोडत न्हाई ना रं?" त्यानं पेला माझ्या हातून घेतला, डोळे मिटून नाकाजवळ धरला. "आरं, ह्याला तर आपल्या नदीवरच्या जांभळांचा वास हाय! दारूचा वास असा नसतो लेका. मला विचार." आणि तो मोकळं हसला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या हसण्यातच बोलून टाकलं.

"दादा, ही तीच. बळदातली. मायला सापडली होती ती. माझी होती. तुला तर तेव्हाच कळलं होतं, तू माझ्यासाठी स्वतःवर घेतलंस. मी इतकी वर्षं..."

त्यानं पेला खाली ठेवला. "मला काय कळलं व्हतं?"

"की माझी आहे."

"न्हाई," तो म्हणाला. सावकाश, आठवून आठवून बोलायला लागला. "मला कुठं काय कळलं. मला वाटलं, माझीच हाय. तवा कुठं कुठं लपवायचो मी. गंजीत, चुलीमागं, बळदात बी. एकदा गिरणीच्या साहेबाच्या घरच्या लग्नातून एक भरलेली बाटली उचलून आणली व्हती, ती कुठं ठेवली ते मलाच याद राहिलं न्हाई. माय म्हनली, बळदातून निघाली, तवा आधी म्हनलं, ठावं न्हाई. मंग तू दारू हाय म्हनलास. म्हनलं, हीच ती." त्यानं पेला जरा पुढं सरकवला. "मंग मला भ्याव वाटाया लागलं. एक ठेवून विसरलो तर आनखी बी असतील. अन् त्या पिलो का न्हाई, ते तरी मला कुठं याद हाय? तीन वर्सं पिलो न्हाई म्हनून सांगत व्हतो समद्यांना. म्हनलं, कुणाला ठावं. पिलो बी असंल."

तीस वर्षं मी त्याचा मोठेपणा मनात पुजत होतो, आणि तीस वर्षं तो स्वतःला खोटारडा समजत होता. मायला फसवलं ते फसवलंच. पण ह्या माणसाचा त्याच्या स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि त्याला चोर कोण तेही ठाऊक नव्हतं.

"म्हंजे," दादा म्हणाला, "ती माझी नव्हती?"

"नव्हती."

"मंग मी पिलोच न्हाई. तीन वर्सं खरंच पिलो न्हाई."

मी होकारार्थी मान डोलावली. मी वाट बघत होतो की तो मला मारेल, शिवी देईल, निदान ऊठ म्हणेल. तो स्वतःच उठला. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"अगं ऐकलंस का? ती बाटली माझी नव्हती. ह्याची व्हती. ह्यानं ठिवली व्हती!"

वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "भावजी," ती म्हणाली, "माय जायच्या आधी का न्हाई बोललात?"

"असू दे, असू दे," दादा म्हणत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, सत्तरीला टेकलेला माणूस, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. "माझी नव्हती, समजलं का? मी मोडलंच न्हाई शील. एकदा बी न्हाई."

तो तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मी पेल्यासमोर तसाच बसून होतो. तोंडात अजून ती चव होती, आणि ती चांगलीच लागत होती.